थारला 33 इंची टायर आणि रुंद मडगार्ड? आधी कणकेचा गोळा लावून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2022 ची महिंद्रा थार, LX मॉडेल, डिझेल मॅन्युअल, हार्डटॉप, गाडी कोल्हापुरात. रोजचं ऑफिस, महिन्यातनं एक-दोनदा गगनबावडा नाहीतर आंबोली, पावसाळ्यात मित्रांबरोबर थोडा चिखल. मित्र म्हणतात गाडी वरनं दांडगी आणि खालनं काडी पैलवान. अमेरिकेतल्या जीप रँग्लरचे फोटो बघून तुम्ही 33 इंची एम/टी (मड-टेरेन, म्हणजे चिखलाचे जाड नक्षीवाले) टायर जवळजवळ ठरवूनच टाकलेत आणि आता विचारताय की मडगार्ड कुठलं करू, बोल्ट दिसणारे रुंद फ्लेअर (मडगार्डच्या कडेवर बसवायच्या रुंद पट्ट्या), पत्रा कापून उंच केलेले, की जुन्या जीपसारखे सपाट लोखंडी.

मी पुण्याच्या बाहेर 4x4 चं छोटं गॅरेज चालवतो. आधी महिंद्राच्या जुन्या जीपा, MM540, मेजर वगैरे करायचो, आता निम्म्याहून जास्त काम थारचंच असतं. तुमचाच प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी घेऊन येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मला वाटतं तुमची तक्रार एवढीच आहे की गाडीला रबर कमी दिसतंय. आता हे जरा आकड्यांत बघू. तुमच्या LX ला कंपनीने 255/65 R18 दिलाय, म्हणजे रुंदी 255 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 18 इंची. त्याचा व्यास येतो साधारण 789 मिमी, म्हणजे 31 इंच. तुमच्याकडे आत्ताच 31 इंची टायर आहे, तो काही लहान नाही. पण त्यातलं 18 इंच रिममध्येच जातं, त्यामुळे रबराची भिंत उरते फक्त 166 मिमी. लांबनं बघितलं की डोळ्याला मोठं अलॉय दिसतं आणि त्याच्याभोवती रबराची पट्टी. शहरी एसयूव्हीचा चेहरा आला तो तिथनं. आता तीच गाडी 16 इंची रिमवर घ्या आणि 265/75 R16 लावा. व्यास होतो 804, म्हणजे फक्त 15 मिमी वाढ, पण भिंत होते 199 मिमी. रिमच्या वर 33 मिमी जास्त रबर, खाली 33 मिमी जास्त रबर, आणि मडगार्डमधली जागा मात्र जेमतेम साडेसात मिमीने कमी झाली. असं एक जोड चढवून गाडी दहा पावलं लांबनं दाखवली की निम्मी गिऱ्हाईकं तिथेच म्हणतात, बास, हेच पाहिजे होतं.

थारच्याच AX मॉडेलला काही वर्षं कंपनीचाच 245/75 R16 यायचा, त्यामुळे थारच्या ब्रेकवर 16 इंची रिम बसते हे माहीतच आहे, तरी बाजारातलं रिम घेताना पुढचं एक चाक चढवून हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते बघा, कारण प्रत्येक रिमचा आतला आकार सारखा नसतो. 16 नको वाटत असेल तर 265/70 R17 पण चांगला मध्य आहे, व्यास 803 च्या आसपास आणि भिंत 186.

आता रँग्लरचं. ते फोटो फसवे नाहीत पण त्यामागची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलला 285/70 R17, म्हणजे जवळजवळ 33 इंची टायर, कंपनीतूनच येतो आणि तिचे मडगार्डपण कंपनीतूनच साध्या मॉडेलपेक्षा उंचावर लावलेले असतात. शिवाय पुढे सरळ लोखंडी ॲक्सल आहे. म्हणजे आधी जागा केली, मग टायर आला. आपण उलट करतो, आधी टायर आणतो आणि मग ग्राइंडर शोधतो. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, चाक वर जाताना आणि वळताना वेगळ्याच वाटेने फिरतं आणि ती वाट गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दिसत नाही. टायर विकणारा म्हणतो बघा बसला की, आणि खरंच बसलेला असतो. घासतो तो पुढच्या रविवारी, दगडावर एक चाक चढलं की.

त्यामुळे माझ्याकडे कुणी 33 मागितले की मी आधी कणीक मळायला सांगतो. हसू नका. घरची पोळ्यांची कणीक, जरा घट्ट, लिंबाएवढे गोळे. ते पुढच्या आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, चार ठिकाणी चिकटवायचे, एक आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला मागच्या बाजूला, एक बंपरच्या टोकाच्या आत, एक वर मधोमध आणि एक मडगार्डच्या खालच्या ओठाला. टायरच्या खांद्यावर थोडं पीठ भुरभुरायचं म्हणजे कणीक चिकटून येत नाही. मग एक पुढचं चाक लाकडी स्लीपरच्या थप्पीवर चढवायचं, आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाक दुसऱ्या थप्पीवर. बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये पण तसंच, कारण मागे जाताना चाक आर्चमध्ये जरा वेगळं बसतं. उतरवून गोळे बघायचे. गोळा बोटभर जाड उरला असेल तर ठीक. पापडासारखा झाला असेल तर चिखल भरलेला टायर तिथे घासणारच. आणि गोळ्यावर ट्रेडची नक्षी उमटली असेल तर तिथला लायनर पहिल्याच ट्रिपला फाटणार, लिहून ठेवा.

ही टेस्ट मित्राकडनं टायर उधार आणून पण करता येते, एकच चाक लागतं. दोन इंचाचा लिफ्ट (सस्पेन्शन उंच करायचं किट) घातला की 33 बसतात असं सगळे सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. लिफ्टने उभी गाडी उंच होते, पण चाक पूर्ण दाबलं गेलं की ते जुन्याच जागी येतं, बंप स्टॉप (चाक किती वर जाईल ते अडवणारा रबर) बदललेला नसेल तर. वर इंडिपेंडंट सस्पेन्शनला लिफ्ट दिला की पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या जोडांवरचे रबरी बूट लवकर फाटतात. मी लिफ्ट करतो, करत नाही असं नाही, पण नुसतं दिसण्यासाठी लिफ्ट मागितला की मी एकदा तरी समजावून बघतो.

आणि मिळतं काय ते पण बघा. 789 वरनं 831 मिमी वर गेलात की जमिनीपासनं उंची वाढते फक्त 21 मिमी, कारण व्यासाची वाढ निम्मी वर जाते निम्मी खाली. मागच्या ॲक्सलच्या मधल्या लोखंडी गोळ्याखालची (डिफरेन्शियलखालची) जागा टायरशिवाय दुसऱ्या कशाने वाढत नाही हे खरं, म्हणून रोज खडकाळ ट्रेल करणाऱ्याला ते 21 मिमी सोन्यासारखे असतात. कोल्हापूर ते गगनबावडा करणाऱ्याला त्याचा उपयोग पार्किंगमध्ये.

आता रुंदी, इथे खरा गोंधळ होतो. टायर 255 चा 285 झाला, म्हणजे तेच रिम आणि तोच ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) असेल तर तो 15 मिमी बाहेर येतो आणि 15 मिमी आत जातो. आत गेला की सस्पेन्शनच्या आर्मला लागायची भीती, म्हणून लोक कमी ऑफसेटचं रिम घेतात किंवा हब आणि रिमच्या मध्ये स्पेसरची चकती टाकतात आणि सगळा टायर बाहेर ढकलतात. बाहेर आलेलं चाक फोटोत भारी दिसतं, कबूल. पण चाकाचा मध्य हबपासनं जेवढा लांब जातो तेवढा बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर भार येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं, आणि वळताना टायर जास्त मोठं वर्तुळ काढतो म्हणजे जो बंपरला लागत नव्हता तो पण लागायला लागतो.

आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर काय करतो ते पावसात कळतं. माझ्याच जुन्या गाडीचा किस्सा आहे. दोन इंच बाहेर आलेले टायर घेऊन आंबोलीला गेलो होतो जुलैमध्ये, हौस दांडगी. पहिल्या वीस मिनिटांत दोन्ही साईडचे आरसे लाल चिखलाने लिंपून गेले, खिडकीची काच खाली करून हाताने पुसायचं तर बाहीपासून खांद्यापर्यंत चिखल, आणि मागनं एसटी आली ती हॉर्न ऐकून कळली. दाराच्या खालचा रंग तर एका सीझनमध्ये वाळूच्या कागदाने घासल्यासारखा झाला. मागच्या गाडीच्या काचेवर उडणारे खडे वेगळेच, त्याच्या शिव्या आपल्याला ऐकू येत नाहीत एवढंच. तेव्हापासनं माझा नियम एकच, टायरचा ट्रेड मडगार्डच्या सावलीत राहिला पाहिजे. वरनं ओळंबा सोडायचा, सुतळीला नट बांधला तरी चालतो. फ्लेअरच्या कडेवरनं सोडलेली सुतळी टायरच्या भिंतीच्या फुगवट्याला लागली तर हरकत नाही, ट्रेडला लागली तर रुंद फ्लेअर तरी लावा नाहीतर रिम बदला.

रुंद टायर म्हणजे जास्त ऑफ-रोड हे पण सरसकट खरं नाही. आइसलँडमध्ये 44 इंची रुंद टायर आणि त्यावर हातभर फ्लेअर असलेल्या गाड्या असतात, कारण त्यांना मऊ बर्फावर तरंगायचं असतं. वाळूतही रुंदीचा फायदा आहे. पण दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप 6.00-16 वर चालायची, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद टायर, आणि ऑस्ट्रेलियात शेतावर राबणाऱ्या जुन्या लँड क्रूझरना वर्षानुवर्षं 7.50 R16 चे उंच-बारीक टायर होते. आपल्याकडे भातखाचराच्या बाजूचा रस्ता घ्या, वर वीतभर चिखल आणि खाली घट्ट मुरूम किंवा कातळ. तिथे बारीक टायर चिखल कापून खाली जातो आणि धरतो, रुंद टायर वरच्या वर साबणासारखा घसरतो. चिखल खोल आणि बिनबुडाचा असेल तर उलटं होतं, म्हणून परिस्थितीवर आहे म्हणतो. पण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना मी जेवढं चालवलंय त्यात दहातल्या सात-आठ वेळा खाली बूड लागलेलं आहे.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात असं की तुमच्या वापराला 31.6 इंचाच्या आसपासचा टायर, लहान रिम, जास्त भिंत, ए/टी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीचा) पॅटर्न. एम/टी मी सुचवणार नाही, ओल्या डांबरावर ब्रेकला कमी धरतो, आवाज करतो, आणि तुमचे महिन्याचे अठ्ठावीस दिवस डांबरच आहे. एवढ्या टायरला कंपनीचेच मडगार्ड पुरतात, फक्त रिमचा ऑफसेट कंपनीच्या जवळपास ठेवा. पण तुम्ही विचारलंय मडगार्डचं, त्यामुळे ते पण सांगतो.

बोल्ट दिसणारे फ्लेअर, ज्यांना पॉकेट स्टाइल म्हणतात, ते दोन प्रकारात मिळतात, एबीएस प्लॅस्टिकचे आणि फायबरचे. फायबरचे स्वस्त पडतात, फिटिंग क्वचितच नीट बसतं, आणि झाडाला घासले की तडकतात. एबीएस वाकतं आणि परत येतं. त्यावर दिसणारे बोल्ट बहुतेक वेळा नुसते शोभेचे असतात, खरे स्क्रू आत. आणि घाण तिथेच होते. मागच्या वर्षी रत्नागिरीकडची एक गाडी आली होती, कुठल्यातरी ॲक्सेसरीवाल्याने प्रत्येक फ्लेअरला बारा-बारा सेल्फ टॅपिंग स्क्रू थेट पत्र्यात मारलेले. मालकाला फक्त एक फ्लेअर जरा हलतो म्हणून दाखवायचं होतं. काढला तर आतनं ओंजळभर लाल माती पडली, ओली, त्यात चक्क गवत उगवलेलं, आणि प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा गंज. दोन पावसाळे फक्त. फ्लेअर लावायचेच असतील तर कंपनीच्या क्लिपांची भोकं वापरणारे घ्या, नवीन भोक पाडलं तर लगेच प्रायमर आणि रंग, फ्लेअर आणि पत्र्यामध्ये रबराची पट्टी, आणि खालचं टोक उघडं ठेवा म्हणजे पाइप मारला की माती निघून जाते.

पत्रा कापून उंच करणं हे कामाचं काम आहे. लिफ्ट न देता मोठा टायर बसतो आणि गाडीचा गुरुत्वमध्य खालीच राहतो. ट्रेलवरच्या गाडीला मी हेच करेन. पण कापलेला पत्रा परत जोडता येत नाही, विकताना गिऱ्हाईक पळतं. रोजच्या गाडीला नको.

सपाट लोखंडी मडगार्ड हे माझं पहिलं प्रेम आहे, सरळ सांगतो. विलिजची, आणि महिंद्राच्या जुन्या CJ-3B ची ती सरळ पाटी, त्यावर चहाचा कप ठेवून माणूस गप्पा मारू शकतो. पण ती शोभते कारण त्या गाडीचा बाकीचा पत्रापण तसाच सरळ आहे. 2020 नंतरच्या थारच्या फुगीर अंगाला ती लावली की धोतरावर ब्लेझर घातल्यासारखं दिसतं. वर लोखंडी कोपरा पादचाऱ्याच्या मांडीच्या उंचीवर येतो, शहरात मला ते पटत नाही.

कायद्याचं एका वाक्यात, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते कडकपणे उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं कलम आहे. बाहेर आलेला टायर आणि कापलेला पत्रा रस्त्यावर उभ्या हवालदाराला शंभर फुटांवरनं दिसतो. अपघात झाला तर विमावाला पण तेच शोधत येतो. काहीही करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

दिसण्याबद्दल अजून दोन गोष्टी. फ्लेअर काळेच ठेवा. बॉडीच्या रंगात रंगवले की गाडी खालनं जड आणि बुटकी दिसते, आणि घाणेरीच्या नाहीतर करवंदीच्या जाळीतनं एकदा गेलात की त्यावर ओरखड्यांची रांगोळी. काळं प्लॅस्टिक उन्हाने पांढुरकं पडतं तेव्हा टायर पॉलिश फासू नका, धूळ चिकटते. प्लॅस्टिक ट्रिमचं वेगळं ड्रेसिंग मिळतं ते लावा. दुसरं म्हणजे पांढऱ्या अक्षरांचे टायर. बऱ्याच ए/टी टायरना एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी अक्षरं असतात, टायरवाल्याला चढवायच्या आधीच सांगावं लागतं कुठली बाहेर ठेवायची. पांढरी अक्षरं शोरूमच्या दारात सुंदर दिसतात, आपल्या मातीत महिन्याभरात ती जांभ्याच्या रंगाची होतात आणि दर रविवारी ब्रश घेऊन बसावं लागतं. काहींना ते आवडतं, मी काळी बाजू बाहेर ठेवतो.

आणि हे सगळं वाचूनही 33 च घालायचे असतील तर माझा राग नाही, हौसेला मोल नाही. स्पीडोमीटर साधारण पाच टक्के कमी दाखवेल, म्हणजे काटा 80 वर असताना तुम्ही 84 ने जात असाल. पिकअप मंदावेल, घाटात एक गिअर खाली लागेल, ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागेल.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे स्टेपनी. थारची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. 33 इंची एम/टी रिमसकट बराच जड होतो, काही महिन्यांत दाराचे बिजागर बसतात आणि दार लावताना गुडघ्याने उचलून धरावं लागतं. म्हणून लोक चार टायर नवीन घेतात आणि स्टेपनी जुनीच ठेवतात. मग आंबा घाटात पंक्चर झालं की एका बाजूला 831 आणि दुसऱ्या बाजूला 789. अशा वेळी मागचं चाक पंक्चर असेल तर पुढचं एक मोठं काढून मागे लावा आणि स्टेपनी पुढे, म्हणजे ताकद घेणारी मागची दोन्ही चाकं सारखी राहतात, आणि ती बदलेपर्यंत डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) टाकू नका. पाचवा टायर बजेटमध्ये बसत नसेल तर 33 पण बजेटमध्ये बसत नाहीत असं समजा. 265/75 R16 घेतलात तरी पाच घ्या, आणि आधी जुन्या अलॉयचं गिऱ्हाईक शोधा, LX ची 18 इंची अलॉय AX वाले शोधत असतात, निम्मा खर्च तिथनं निघतो.

कणकेचे गोळे लावलेत तर फोटो टाका, बघून सांगतो.